लॅब्रॅडॉरची जोडी लावण्याआधी: कोणत्या तपासण्या, केव्हा आणि कशा

मादी माजावर आली की मग नर शोधायला निघायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. कुणीतरी 'हेवी बोन, चॅम्पियन लाइन'चा नर सुचवतं, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-चार फोटो येतात, दहाव्या-अकराव्या दिवशी मादीला गाडीत घालून नेलं जातं आणि दोन महिन्यांनी घरात आठ-नऊ पिल्लं असतात. या धावपळीत तपासणीला जागाच उरत नाही. माज तीन आठवड्यांत संपतो; खुब्यांचा एक्स-रे वाचून घेणं, डीएनएचा नमुना पाठवून निकाल मागवणं, यातलं काहीच त्या तीन आठवड्यांत बसत नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात अपेक्षित माजाच्या किमान पाच-सहा महिने आधी करा. आणि ती करताना एक गोष्ट पक्की धरा: रिपोर्ट हवा आहे तो कुणाला कुणाशी लावायचं आणि कुणाला मुळीच लावायचं नाही, हे ठरवण्यासाठी. जोडी लावून झाल्यावर आलेला रिपोर्ट पिल्लांच्या काही कामाचा नसतो.

इथे मी लॅब्रॅडॉर (पुढे नुसतं 'लॅब') धरून लिहिते आहे. एक तर महाराष्ट्रात शहरापासून तालुक्यापर्यंत हाच कुत्रा घरोघरी दिसतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास जगभर भरपूर झालेला आहे. बाकीच्या जातींबद्दल शेवटाकडे थोडक्यात.

कागद आणि कायदा

केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे केसीआयचे पेपर असले की कुत्रा 'चांगला' असं समजलं जातं. त्या पेपरवर आई-बाप, आजा-पणजा यांची नावं असतात. त्यांचे खुबे कसे होते, डोळे कसे होते, हे त्यावर नसतं. वंशावळ उपयोगाची आहेच, पण आरोग्याचा पुरावा म्हणून ती कुणी पुढे केली तर मान डोलावू नका.

कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम लागू आहेत. ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिचं वेत घ्यायचं नाही, लागोपाठच्या दोन माजांत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. माझ्या मते लॅबच्या बाबतीत दीड वर्षही लवकरच आहे. का ते खुब्यांच्या भागात कळेल.

आधी मायक्रोचिप

सगळ्यात पहिलं काम हेच. पंधरा आकडी चिप मानेजवळ कातडीखाली बसवली जाते आणि स्कॅनरने वाचता येते. चिप नसेल तर पुढचा प्रत्येक रिपोर्ट नेमका कोणत्या कुत्र्याचा, हे सिद्ध करता येत नाही. एक्स-रे काढण्याआधी, रक्त घेण्याआधी, स्वॅब घेण्याआधी डॉक्टरांना चिप स्कॅन करायला सांगा आणि तो क्रमांक एक्स-रेच्या प्रतिमेवर व फॉर्मवर घालून घ्या. दुसऱ्याचा नर बघायला जाल तेव्हाही हेच. रिपोर्टवर फक्त 'ब्रुनो, काळा, नर' एवढंच लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट धरू नका.

खुबे आणि कोपरं

लॅबच्या मालकाला सगळ्यात जास्त रडवणारा आजार म्हणजे हिप डिस्प्लेसिया. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही, सांधा सैल राहतो, घासत राहतो आणि काही वर्षांत संधिवात होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा ठीक दिसतो. बिघाड वाढीच्या महिन्यांत होतो. यामागे एक जनुक नाही, अनेक जनुकं आहेत. त्यामुळे डीएनए स्वॅब पाठवून 'हिप क्लिअर' असं उत्तर मिळत नाही. एक्स-रेला पर्याय नाही.

चालताना लंगडत नाही, उड्या मारतो, म्हणजे खुबे चांगले, हा समज साफ चुकीचा आहे. मध्यम बिघाड असलेले कित्येक लॅब तीन-चार वर्षांचे होईपर्यंत मजेत पळतात. तोवर त्यांची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात.

एक्स-रे कधी काढायचा? अमेरिकेच्या ओएफए या संस्थेकडून अंतिम श्रेणी हवी असेल तर कुत्रा २४ महिन्यांचा पूर्ण झालेला असावा लागतो. त्याआधी प्राथमिक मत मिळतं. एफसीआय (केनेल क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि ब्रिटिश पद्धतीत लॅबसाठी किमान वय १२ महिने आहे. पेनहिप ही वेगळी पद्धत सांध्याचा सैलपणा मोजते आणि ती १६ आठवड्यांपासून करता येते, पण त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. मी सुचवेन की एक वर्षाचा असताना एकदा प्राथमिक एक्स-रे काढा. तेव्हाच खुबे वाईट दिसले तर पुढचा सगळा खर्च आणि आशा दोन्ही वाचतात. चांगले दिसले तर दोन वर्षांनंतर अंतिम एक्स-रे काढून मगच जोडीचा विचार करा.

मादी माजावर असताना, माजाच्या मागेपुढे तीन-चार आठवडे, गाभण असताना किंवा पिल्लं अंगावर पीत असताना हा एक्स-रे काढू नये. संप्रेरकांमुळे सांध्याचे बंध ढिले होतात आणि सांधा आहे त्यापेक्षा सैल दिसू शकतो.

आता प्रत्यक्ष एक्स-रे. कुत्र्याला गुंगीचं किंवा भुलीचं औषध द्यावं लागतं. जागेपणी चौघांनी धरून काढलेला एक्स-रे सहसा वाकडा येतो. कुत्र्याला पाठीवर उताणं झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ, एकमेकांना समांतर ताणतात आणि गुडघे किंचित आत वळवतात. चित्र स्क्रीनवर आलं की तिथेच उभं राहून चार गोष्टी बघा. यासाठी डॉक्टर असायला लागत नाही. कंबरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन लंबगोल भोकं दिसतात, ती दोन्हीकडे सारख्या आकाराची हवीत. एक मोठं, एक बारीक दिसलं तर कंबर तिरकी झाली आहे, आणि तिरक्या कंबरेत एका बाजूचा खुबा उगाच खोल व दुसरा उगाच उथळ दिसतो. मांडीची दोन्ही हाडं समांतर हवीत. गुडघ्याच्या वाट्या हाडाच्या मधोमध हव्यात. आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं चित्रात आलेलं हवं. यातलं काही चुकलं असेल तर कुत्रा गुंगीत आहे तोवरच नम्रपणे सांगा, "डॉक्टर, एकदा परत घेऊ या का?" घरी आल्यावर कळलं तर पुन्हा गुंगी, पुन्हा खर्च.

त्याच गुंगीत दोन्ही कोपरांचे एक्स-रेही काढून घ्या, कोपर दुमडून बाजूने. एल्बो डिस्प्लेसिया लॅबमध्ये चांगलाच आढळतो आणि पुढच्या पायांचं लंगडणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. कोपरांची श्रेणी ० ते ३ असते. प्रजननासाठी ० च हवी.

एक्स-रे वाचणारा माणूस कोण, हे फार महत्त्वाचं. रोजच्या दवाखान्यात 'नॉर्मल' लिहून मिळालं तरी श्रेणी द्यायला सवयीची नजर लागते. डिजिटल एक्स-रेची मूळ डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधून निघणारी पूर्ण दर्जाची फाइल, मागून घ्या. मोबाइलने स्क्रीनचा काढलेला फोटो चालत नाही. ही फाइल भारतातून ओएफएकडे ऑनलाइन पाठवता येते. तिथे तीन रेडिओलॉजिस्ट ती स्वतंत्रपणे बघतात. एक्सलंट, गुड, फेअर या तीन श्रेणी उत्तीर्ण. त्यानंतर बॉर्डरलाइन, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. एफसीआयची श्रेणी 'ए' ते 'ई', त्यात 'ए' सर्वांत चांगली. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, आणि जितके कमी तितकं चांगलं. आपल्याकडे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर अशी सरकारी महाविद्यालयं आहेत. गावाकडच्या माणसाने एक्स-रे आणि सल्ल्यासाठी आधी तिथे विचारावं.

'टाइल्सवर घसरून पाय बिघडला' हे वाक्य मी फार ऐकते. घसरडी फरशी, लहानपणी जिने चढवणं आणि वजन वाढवणं यांनी आजार बळावतो, हे खरं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे लॅब जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या खुब्यांचा संधिवातही उशिरा आला. पण सैल सांध्याची मुळं आई-बापांकडून येतात. फरशीला दोष देऊन त्याच कुत्र्याचं वेत घेणं म्हणजे पुढच्या आठ घरांत तेच दुखणं पाठवणं.

आणखी एक. फक्त त्या कुत्र्याचे नाही, त्याच्या भावंडांचे खुबे विचारा. स्वतः 'एक्सलंट' पण तीन भावंडं लंगडी, अशा नरापेक्षा स्वतः 'फेअर' पण सगळी भावंडं ठणठणीत, असा नर मी पसंत करेन. अनेक जनुकांच्या आजारात भावंडं बरंच काही सांगून जातात.

डीएनए तपासणी

इथे प्रश्न वेगळा असतो: एका जनुकातला एक ठरावीक दोष आहे की नाही. उत्तर स्पष्ट मिळतं आणि आयुष्यात एकदाच तपासावं लागतं. लॅबसाठी निदान चार तपासण्या हव्यातच.

पीआरसीडी-पीआरए: दृष्टिपटल हळूहळू मरत जातं. आधी रातांधळेपणा, मग पूर्ण अंधत्व. लक्षणं बहुधा मध्यम वयात दिसतात, म्हणजे पिल्लं देऊन झाल्यावर. या एका कारणासाठीही डीएनए तपासणी करावी असं मला वाटतं.

ईआयसी, म्हणजे जोराच्या व्यायामाने कोसळणं: याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या हवेत हा आजार ओळखूच येत नाही. पाच ते वीस मिनिटं जोरात बॉल आणायला पळवलं की मागचे पाय लटपटतात, कुत्रा फेंगडा चालतो, मग मागचा भाग खाली बसतो. शुद्ध असते, बॉलही तोंडात असतो, पण उठता येत नाही. अंगाचा ताप खूप वाढतो. अर्ध्या तासात बहुतेक जण सावरतात, काही दगावतात. एप्रिल-मेमध्ये हे झालं की 'ऊन लागलं' म्हणून सोडून दिलं जातं. थंड हवेतही खेळताना असं होत असेल तर संशय घ्या. डीएनएम१ या जनुकातला दोष २००८ मध्ये सापडला, तेव्हापासून तपासणी उपलब्ध आहे.

सीएनएम: स्नायूंचा आजार. दोन ते पाच महिन्यांच्या पिल्लाचे स्नायू झिजतात, मान खाली जाते, सशासारखी चाल होते. उपचार नाही.

एचएनपीके: नाकाचा शेंडा कोरडा पडून त्यावर खपल्या धरतात, भेगा पडतात. जिवावर बेतत नाही, पण जन्मभर मलम लावावं लागतं.

याशिवाय आखूड पायांचा स्केलेटल डिस्प्लेसिया २, आणि शिकारी वंशाचे कुत्रे असतील तर दृष्टिपटल व हाडं दोन्हींवर परिणाम करणारा आरडी-ओएसडी. दोनशे आजारांचं पॅनेल घेतलं तर त्यातले बहुतेक लॅबच्या कामाचे नसतात. आपल्या जातीचे आजार त्यात आहेत ना, एवढं बघा. 'सिल्व्हर' किंवा 'चारकोल' लॅब दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. तो रंग फिका करणाऱ्या एका जनुकाचा परिणाम आहे, गुणवत्तेचा नव्हे.

नमुना घरीही घेता येतो, पण डॉक्टरांकडून चिप वाचून, सही घेऊन घेतलेला बरा. तासभर खायला देऊ नका. ब्रश गालाच्या आत, हिरडीलगत पंधरा-वीस सेकंद फिरवा. हवेत पूर्ण वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. ओला ब्रश प्लास्टिकमध्ये बंद केला तर बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यात तर हमखास. अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असतात, म्हणून त्याला आधी काही वेळ आईपासून वेगळं ठेवा. अमेरिकेतली यूसी डेव्हिसची प्रयोगशाळा आणि जर्मनीतली लॅबोक्लिन या जुन्या, भरवशाच्या प्रयोगशाळा आहेत.

निकाल वाचून जोडी लावणं

वर सांगितलेले चारही आजार अप्रभावी जनुकाचे आहेत. दोषाची प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच पिल्लू आजारी पडतं. रिपोर्टवर 'क्लिअर', 'कॅरिअर' किंवा 'अफेक्टेड' येतं. कॅरिअर कुत्रा स्वतः आजारी पडत नाही.

क्लिअर आणि क्लिअर: सगळी पिल्लं क्लिअर. क्लिअर आणि कॅरिअर: एकही आजारी नाही, प्रत्येक पिल्लू कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी. कॅरिअर आणि कॅरिअर: प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. आठ पिल्लांच्या वेतात एकही आजारी न निघण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के. ही जोडी कधीही लावू नका, नर कितीही देखणा असो.

पण कॅरिअर निघाला म्हणून चांगला कुत्रा बाद करू नका. खुबे उत्तम, स्वभाव शांत, डोळे स्वच्छ, आणि फक्त ईआयसीचा कॅरिअर, तर त्याला क्लिअर मादीशी लावा आणि पिल्लं तपासून पुढच्या पिढीसाठी क्लिअर पिल्लू ठेवा. सगळे कॅरिअर एकदम काढून टाकले तर जात इतकी आक्रसते की दुसरेच दोष वर येतात.

आक्रसण्याचाच दुसरा प्रकार म्हणजे नात्यातल्या जोड्या. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप किती जवळच्या नात्यातले हे सांगणारा आकडा) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या पिल्लांचा १२.५, चुलत-मावस भावंडांच्या पिल्लांचा ६.२५. शहरातल्या एकाच गाजलेल्या नराची पिल्लं जिकडेतिकडे असतील तर तुमची मादी त्याची नात आहे का, हे आधी बघा. निदान पाच पिढ्यांची वंशावळ समोर ठेवून मोजा.

डोळे आणि हृदय

डीएनए क्लिअर असला तरी मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचे इतर दोष असू शकतात. म्हणून बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याकडून दरवर्षी तपासणी, जोपर्यंत कुत्रा प्रजननात आहे तोपर्यंत. हृदयाचं आधी स्टेथोस्कोपने ऐकून घ्या; लॅबमध्ये उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष आढळतो, त्यामुळे मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली किंवा घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर इको करा.

माजाच्या आधीचे शेवटचे आठवडे

आता संसर्गाच्या तपासण्या, नर-मादी दोघांच्याही. गाई-म्हशींतला ब्रुसेला शेतकऱ्यांना ठाऊक असतो. कुत्र्यांतला ब्रुसेला कॅनिस त्याच कुळातला: उशिराचे गर्भपात, नराच्या वृषणांना सूज, वांझपणा. माणसालाही होतो, मरतुकडी पिल्लं उघड्या हातांनी उचलताना विशेषकरून. लस नाही आणि औषधाने तो खात्रीने जात नाही. एक खाचखळगा लक्षात ठेवा: जनावरांसाठी वापरली जाणारी नेहमीची ब्रुसेला चाचणी ब्रुसेला कॅनिस पकडत नाही, कारण या जिवाणूचा बाह्य आवरणाचा घटक वेगळा असतो. प्रयोगशाळेला 'ब्रुसेला कॅनिस' असं नाव घेऊन सांगा. झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करा.

भारतात रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे टीव्हीटी ही मिलनातून पसरणारी गाठ बरीच दिसते. फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी. मादीला यामुळे रक्त आलं की माज समजून नराकडे नेलं जातं आणि नरालाही लागण होते. दोघांचीही जननेंद्रियं डॉक्टरांनी नीट तपासायला हवीत. गोचिडतापासाठी रक्ततपासणी करा. प्लेटलेट कमी असलेली मादी वेताचा ताण सोसत नाही. लसीकरण माजाआधीच पूर्ण असू द्या.

दिवस मोजण्यापेक्षा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासा. पातळी मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास आली की बीज सुटलेलं असतं, त्यानंतर साधारण दोन दिवसांनी मिलन. प्रसूती बीज सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी.

इतर जाती, थोडक्यात

जर्मन शेफर्ड: खुबे, कोपरं, डीएमची (मज्जारज्जू झिजण्याच्या आजाराची) डीएनए तपासणी. गोल्डन: खुबे, कोपरं, हृदय, डोळे आणि त्यांच्या पीआरएचे वेगवेगळे प्रकार. रॉटवायलर: खुबे, कोपरं, हृदयाचा इको. डॉबरमन: व्हॉन विलेब्रांड (रक्त नीट न गोठण्याचा आजार), आणि दरवर्षी इको व चोवीस तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद), डॉबरमनच्या हृदयविकारात फक्त डीएनए रिपोर्टवर विसंबू नका. डाल्मेशन: पिल्लांची श्रवणतपासणी. पग: श्वास आणि मणके. कोली: एमडीआर१ (काही औषधं न सोसण्याला कारण होणारा जनुकदोष), कारण आपल्याकडे गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन सर्रास टोचलं जातं आणि दोष असलेल्या कोलीला मोठ्या मात्रेतलं ते जिवावर बेतू शकतं.

कारवान आणि पश्मी या देशी जाती पाळणाऱ्या लातूर-सोलापूरकडच्या मंडळींनी परदेशी जातींची डीएनए यादी जशीच्या तशी घेऊ नये. त्यांनी डोळे, हृदय आणि नातं तपासावं, आणि कोणत्या वेतात काय निघालं याची वही ठेवावी. ती वही पुढे अभ्यासकांनाही लागेल.

पिल्लं झाल्यावर

आई-बाप दोघेही क्लिअर असतील आणि पितृत्व खात्रीचं असेल तर पिल्लं क्लिअर धरता येतात, पण एका पिढीपुरतीच. पुढच्या पिढीत पुन्हा तपासायचं. एक कॅरिअर असेल तर ज्या पिल्लांतून पुढे प्रजनन होणार आहे त्यांची तपासणी करा. पिल्लू घरी देताना लसीच्या कार्डासोबत आई-बापाच्या रिपोर्टच्या प्रती द्या, चिप क्रमांकासकट. कॅरिअर पिल्लू पाळण्यासाठी दिलं असेल तर नसबंदीची अट लेखी ठेवा.

आणि प्रत्येक घराचा फोन नंबर जपून ठेवा. पिल्लं दोन वर्षांची झाली की फोन करून खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगा. जमलं तर निम्मा खर्च उचला. त्या एक्स-रेंवरून कळेल की हीच जोडी परत लावायची की नाही. दोन-तीन पिल्लांचे खुबे वाईट निघाले तर आईचे स्वतःचे 'गुड' असले तरी तिची नसबंदी करून घ्या, आणि नराच्या मालकालाही कळवा.